चालतं यंत्र सैन्यात घ्यावं का? रिडेम्प्टर ड्रेडनॉटचा हिशेब

टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, पट्टीने इंच मोजून त्यांना चालवायचं आणि फासे टाकून लढाई खेळायची, असा एक छंद आहे. त्यातला विज्ञानकथेचा सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे वॉरहॅमर ४०,०००. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ साली काढला. २०२३मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली, आणि या लेखातले सगळे आकडे त्या आवृत्तीचे आहेत. खेळाडू आपलं सैन्य पॉइंटांच्या हिशेबात जमवतो. नेहमीचा डाव २००० पॉइंटांचा, पाच फेऱ्यांचा आणि ६० बाय ४४ इंचांच्या टेबलावरचा. प्रत्येक युनिटची किंमत ठरलेली असल्यामुळे एक घेतलं की दुसरं काहीतरी सोडावं लागतं. म्हणून ‘हे युनिट चांगलं आहे का?’ या प्रश्नावर खेळाडू तासन्‌तास भांडू शकतात.

सर्वात जास्त भांडण होतं ते वॉकरवरून. वॉकर म्हणजे पायांवर चालणारं लढाऊ यंत्र. खेळातल्या सैन्यांपैकी ऑर्कांकडे डेफ ड्रेड आहे, एल्डारींकडे वॉर वॉकर, माणसांच्या साध्या पायदळाकडे सेंटिनेल, आणि स्पेस मरीन या चिलखती महायोद्ध्यांकडे ड्रेडनॉट. नवा खेळाडू दुकानात डबा बघतो आणि हरखून जातो: एका हाताला तोफ, दुसऱ्याला पोलादी पंजा. जुना खेळाडू नाक मुरडतो. त्याच्या मते वॉकर म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. रणगाड्याइतका मारा नाही, घोडदळाइतका वेग नाही, आणि पायदळासारखं कुठेही घुसता येत नाही.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे, पण ते पटवायचं तर एक खरा वॉकर घेऊन आकडेमोड करावी लागेल. त्यासाठी रिडेम्प्टर ड्रेडनॉट घेऊ. खेळाच्या कथेत मरणाच्या दारातल्या योद्ध्याला शवपेटीसारख्या कप्प्यात बंद करून या यंत्राला जोडलेलं असतं, आणि यंत्र इतकं दणकट चालतं की आतला माणूस लवकर संपून जातो. या कथेचा नियमांशी संबंध थोडाच, पण त्या मूर्तीवर इतके लोक जीव का टाकतात ते यावरून कळतं.

कार्डावर काय लिहिलंय

रिडेम्प्टरचं कार्ड असं: चाल ८ इंच, टफनेस (कणखरपणा) १०, सेव्ह (चिलखताने वाचण्याचा फासा) २+, वूंड (किती जखमा झेलून मरतो) १२, ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल (टेबलावरची ठरलेली ठाणी राखायची ताकद) ४. किंमत दर काही महिन्यांनी बदलते, पण साधारण २०० पॉइंटांच्या आसपास राहिली आहे. म्हणजे तुमच्या सैन्याचा दहावा हिस्सा एकाच मूर्तीत.

हे आकडे कळायला एक गोळी कशी लागते ते पाहिलं पाहिजे. आधी नेम लागला का, त्याचा फासा. ३+ म्हणजे फाशावर ३ किंवा जास्त आलं पाहिजे. मग वूंडचा फासा: शस्त्राची स्ट्रेंग्थ आणि निशाण्याचा टफनेस यांची तुलना होते. दोन्ही सारखे असले तर ४+ लागतं, स्ट्रेंग्थ जास्त असेल तर ३+, दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर २+. स्ट्रेंग्थ कमी पडली तर ५+, आणि निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर फक्त ६. तिसरा फासा समोरच्याचा, चिलखताचा सेव्ह. शस्त्राला चिलखत भेदण्याची जेवढी ताकद असेल तेवढा हा सेव्ह खालावतो. हे सगळं पार झालं की मग डॅमेज, म्हणजे किती वूंड गेले ते.

आता टफनेस १० कडे परत या. नुसता बघितला तर तो एक आकडा आहे, पण शस्त्रांची यादी शेजारी ठेवली की त्याचं मोल कळतं. क्रॅक मिसाइलची स्ट्रेंग्थ ९. ऑटोकॅननची ९. मल्टि-मेल्टाची ९. चिलखती वाहनं फोडायला म्हणून घेतलेली इतकी शस्त्रं बरोबर एका अंकाने कमी पडतात आणि त्यांना ५+ लागतं. टफनेस ९ असता तर याच शस्त्रांना ४+ पुरलं असतं. त्या एका अंकामुळे लागणाऱ्या गोळ्यांतली एक तृतीयांश ताकद तिथेच गळून पडते. युनिटचं कार्ड वाचताना आकडा मोठा आहे की छोटा याला फारसा अर्थ नसतो. तो कोणत्या उंबरठ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे आहे हे बघायचं.

साध्या बंदुकांची तर गोष्टच नको. मरीनांच्या बोल्ट रायफलची स्ट्रेंग्थ ४, म्हणजे वूंडसाठी ६ हवा. हिशेब केला तर सरासरी २७ गोळ्यांमागे एक वूंड जातो. बारा वूंडांसाठी सव्वातीनशे गोळ्या.

लासकॅननची परीक्षा

वाहन किती टिकाऊ आहे हे मोजायला बहुतेक जण लासकॅनन ही जबर लेझर तोफ वापरतात. स्ट्रेंग्थ १२, चिलखतभेद ३, डॅमेज एक फासा अधिक १. नेम ३+ असलेल्या सैनिकाने ती चालवली तर नेम लागण्याची शक्यता दोन तृतीयांश, वूंडचीही दोन तृतीयांश, आणि २+ चा सेव्ह ५+ वर उतरल्यामुळे तो चुकण्याचीही दोन तृतीयांश. तिन्ही गुणले की २७ पैकी ८. डॅमेजची सरासरी साडेचार.

इथे रिडेम्प्टरचा खास नियम येतो. त्याच्यावर झालेल्या प्रत्येक हल्ल्याचा डॅमेज एकने कमी होतो, मात्र १च्या खाली जात नाही. साडेचारचे साडेतीन झाले. म्हणजे लासकॅननची एक गोळी सरासरी एक वूंड काढते, आणि हे यंत्र पाडायला साधारण बारा गोळ्या लागतात. हा नियम नसता तर नऊ पुरल्या असत्या. आडोसा मिळाला तर सेव्ह एकने सुधारतो आणि तोच आकडा पंधराच्या पुढे जातो.

डॅमेज २ असलेल्या शस्त्रांना हा नियम सर्वात जास्त झोंबतो. प्लाझ्मा गन जोरावर लावली की तिचा डॅमेज २ असतो. रिडेम्प्टरसमोर तो १ होतो, म्हणजे सरळ निम्मा. डॅमेज १ वाल्यांना काहीच फरक पडत नाही, आणि डॅमेज ६ वाल्यांना किरकोळ. त्यामुळे समोरचा खेळाडू मधल्या वजनाची शस्त्रं भरपूर घेऊन आला असेल तर तुमचा वॉकर त्याच्या किमतीपेक्षा खूप जास्त जगेल, आणि मोजकी पण जबर शस्त्रं आणली असतील तर हा नियम फारसा कामाला येणार नाही.

पण सरासरी ऐकून निर्धास्त होऊ नका. समजा, समोरून सहा लासकॅनन चालल्या. सरासरी म्हणते सहाएक वूंड जातील, यंत्र अर्धं उरेल. प्रत्यक्षात साधारण आठात एकदा त्या सहाच्या सहा वाया जातात आणि रंगसुद्धा खरवडला जात नाही. आणि जवळजवळ तितक्याच वेळा, म्हणजे पुन्हा आठात एकदा, यंत्र जागच्या जागी पडतं. मधला सगळा पट्टा या दोन टोकांमध्ये पसरलेला आहे. पाच-पाच मरीनांच्या तीन तुकड्या अशा एका झटक्यात जात नाहीत. त्या थोड्या थोड्या झिजतात. एकाच मूर्तीत २०० पॉइंट घालणं म्हणजे हा चढउतार विकत घेणं, आणि ज्याचा सगळा बेत या एकाच यंत्रावर उभा आहे त्याने तो घेऊ नये.

आणखी एक: चार किंवा कमी वूंड उरले की रिडेम्प्टरचा नेम एकने बिघडतो. ३+ चा ४+ झाला की माऱ्याचा चौथा हिस्सा जातो. चांगला विरोधक याचा फायदा उठवतो. तो तुम्हाला पाडायच्या मागे न लागता लंगडं करून सोडून देतो आणि उरलेल्या तोफा दुसरीकडे वळवतो. यंत्रं दुरुस्त करणारा टेकमरीन जवळ ठेवला तर तो दर पाळीत थोडे वूंड परत भरतो आणि नेमही सुधारून देतो, पण त्याचे पॉइंट पुन्हा याच यंत्राच्या खात्यात धरायला हवेत. हे धरायला लोक हमखास विसरतात.

जुने खेळाडू वॉकरवर इतके चिडून का असतात, याचं उत्तर जुन्या नियमांत आहे. १९९८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून २०१७पर्यंत वाहनांना टफनेस आणि सेव्ह नव्हताच. समोरून, बाजूने आणि मागून वेगवेगळं चिलखत असायचं. साध्या ड्रेडनॉटचं १२, १२ आणि १०. शस्त्राची स्ट्रेंग्थ अधिक एक फासा, ही बेरीज चिलखतापर्यंत पोचली तरच काही घडायचं. बोल्टरची स्ट्रेंग्थ ४, त्यावर फाशाचे जास्तीत जास्त ६, झाले १०. समोरून शंभर बोल्टर रिकामे केले तरी ड्रेडनॉटला ओरखडा उठत नसे. उलट एकच जबर गोळी आरपार गेली आणि नुकसानीच्या तक्त्यावर वाईट आकडा आला, तर पहिल्याच पाळीत सगळं संपायचं. २०१२च्या सहाव्या आवृत्तीत हल पॉइंट आले आणि वाहनं वरवरच्या फटक्यांनीही झिजून मरू लागली. २०१७च्या आठव्या आवृत्तीने ही सगळी पद्धत मोडून वाहनांना बाकीच्यांसारखाच टफनेस, वूंड आणि सेव्ह दिला. तेव्हापासून कोणतंही शस्त्र कोणालाही थोडंफार दुखवू शकतं, पण एका गोळीत बारा वूंडांचा जीव सहसा जात नाही. जुन्या आठवणींवरून आजच्या वॉकरचं मोल ठरवणारा माणूस वेगळ्याच खेळाचा हिशेब मांडत असतो.

मारा: इथे आकडे निराश करतात

रिडेम्प्टरच्या मुख्य हातावर दोनपैकी एक तोफ बसते. पहिली हेवी ऑन्स्लॉट गॅटलिंग: १२ गोळ्या, स्ट्रेंग्थ ६, चिलखतभेद शून्य, डॅमेज १, वूंडच्या फाशावर ६ आला तर समोरच्याला सेव्हच मिळत नाही. दुसरी मॅक्रो प्लाझ्मा: एक फासा अधिक १ इतक्या गोळ्या, स्ट्रेंग्थ ८, चिलखतभेद ३, डॅमेज २. तिचा जोराचा पर्यायही आहे, पण त्यात स्वतःलाच भाजून घ्यायची भीती असते.

समोर साधे मरीन ठेवू: टफनेस ४, सेव्ह ३+, प्रत्येकी दोन वूंड. गॅटलिंग एका पाळीत सरासरी पावणेतीन वूंड काढते, म्हणजे धड दीड मरीनही नाही. प्लाझ्मा दोन मरीन पाडते. पाच मरीनांची तुकडी शंभराच्या आत मिळते, म्हणजे दोन मरीन म्हणजे तीसेक पॉइंट. पाचही फेऱ्या जिवंत राहून, दर वेळी निशाणा समोर मिळून, मुख्य तोफेने दीडशे पॉइंट वसूल झाले. किंमत दोनशे. छोट्या बंदुकांनी आणखी थोडी भर पडेल, तरी फक्त गोळीबारावर हे यंत्र आपली किंमत फेडत नाही.

अशा ठिकाणी बरेच जण हिशेब बंद करतात आणि युनिट वाईट म्हणून शिक्का मारतात. ‘किंमत वसूल झाली का’ हे माप मला मुळातच अर्धवट वाटतं, कारण डाव ठाणी राखण्याच्या गुणांवर जिंकला जातो, मारलेल्या पॉइंटांवर नाही. तरी त्या मापाचा एक उपयोग आहे: मागे उभं राहून गोळीबार करण्यासाठी रिडेम्प्टर घेऊ नये, हे ते माप स्वच्छ सांगतं. मागे उभं राहायचं असेल तर २०२३मध्ये आलेला बॅलिस्टस ड्रेडनॉट आहे. लासकॅनन आणि मिसाइल घेऊन तेवढ्याच कामासाठी घडवलेला.

आता पंजा बघा. पाच फटके, नेम ३+, स्ट्रेंग्थ १२, चिलखतभेद २, डॅमेज ३. टफनेस १० आणि सेव्ह ३+ असलेल्या रणगाड्यावर हे साडेचार वूंड काढतात. साधे मरीन असतील तर जवळजवळ दोन पडतात. आकडा तोफेएवढाच आहे, पण तो तोफेच्या वर मिळतो. गोळीबाराच्या टप्प्यात दोन मरीन, त्याच पाळीत धावून जाऊन आणखी दोन. वाहनाला शत्रूला भिडलेलं असतानाही गोळ्या झाडता येतात, फक्त नेम एकने बिघडतो. एका पाळीत दोन कामं करायची मुभा हीच वॉकरची खरी कमाई आहे, आणि ती मिळवायला यंत्र पुढे न्यावंच लागतं.

पुढे, पण कुठून?

दोन्ही सैन्यांच्या मांडणीरेषांमध्ये बहुतेक वेळा २४ इंच असतात. आठ इंच आणि पुन्हा आठ इंच चाललो की दुसऱ्या पाळीत समोरच्या रेषेपासून आठ इंचांवर पोचलो. चार्जला दोन फासे. एक इंचाच्या आत पोचलं की भिडलो असं धरतात, म्हणजे ७ हवेत, आणि दोन फाशांवर ७ किंवा जास्त येण्याची शक्यता ५८ टक्के. वाईट नाही. शिवाय समोरचाही मधल्या ठाण्यासाठी पुढे येतच असतो, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर कमीच राहतं.

अडचण वेगळीच आहे. पायदळ पडक्या इमारतींच्या भिंतींमधून आरपार जातं. वाहनाला वळसा घालावा लागतो. रिडेम्प्टरचा तळ ९० मिलिमीटरचा, साडेतीन इंच. आजकाल टेबल पडक्या इमारतींनी इतकं गच्च भरलेलं असतं की कित्येक गल्ल्यांत हा तळ मावतच नाही. मग आठ इंचांतले चार-पाचच कामी येतात आणि वर उरलेली पाळी उघड्यावर उभं राहून काढावी लागते. कार्ड घोकून घोकून पाठ करणारे खेळाडू ही गोष्ट घरी कधीच तपासत नाहीत. डबा महाग, त्यात आपल्याकडे बाहेरून मागवायचा, म्हणून आधी पुठ्ठ्याची ९० मिलिमीटरची चकती कापा आणि नेहमीच्या टेबलावर तीन पाळ्या चालवून बघा. ती पहिल्या पाळीत कुठे लपते, दुसरीत कुठून बाहेर पडते, आणि मधल्या ठाण्यापर्यंत पोचायला तिला किती वेळ उघड्यावर राहावं लागतं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्धं मूल्यमापन झालं.

मधल्या ठाण्यावर पोचलेला वॉकर कबड्डीतल्या चढाईवीरासारखा असतो. गडी टिपले नाहीत तरी समोरच्या सगळ्यांना त्याच्याकडे बघावंच लागतं. बारा लासकॅनन त्याच्यावर खर्च करायच्या, की त्याला सोडून मागचे रणगाडे मारायचे? पहिलं केलं तर तुमचे रणगाडे वाचतात. दुसरं केलं तर पुढच्या पाळीत पंजा कोणाच्या तरी अंगावर येतो. म्हणून तो एकटा नेला तर कामाचा नाही. सैन्यात दुसरं कोणतंच चिलखती वाहन नसेल तर समोरच्याच्या सगळ्या जबर तोफांना हा एकच गिऱ्हाईक मिळतो आणि निवड करायची वेळच त्याच्यावर येत नाही. दोन किंवा तीन वाहनं एकदम पुढे आली की हिशेब पालटतो.

ठाणं राखायचं मात्र त्याला एकट्याला जमत नाही. ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल ४ आहे. पाच मरीनांचा मिळून १०. शत्रूची एक साधी तुकडी धावत आली आणि पाचही जण जिवंत राहिले, तर यंत्र तिथे उभं असूनही ठाणं त्यांचं. मागोमाग स्वतःचं पायदळ हवंच.

आणि गर्दीपासून जपा. वीस ऑर्क बॉइझ अंगावर येऊन चिकटले तर पाच फटक्यांत तीनच ऑर्क मरतात. वीस ऑर्क संपवायला सात वेळा लढावं लागेल. स्फोटक शस्त्रं भिडलेल्या शत्रूवर चालवता येत नाहीत, म्हणून मॅक्रो प्लाझ्मा त्या गर्दीवर गप्प. ती फक्त दूरच्या कोणावर तरी, बिघडलेल्या नेमाने, चालते. स्ट्रेंग्थ ४ च्या कुऱ्हाडींनी ऑर्क यंत्राचं फारसं वाकडं करू शकत नाहीत, पण त्यांना करायचंही नसतं. २०० पॉइंटांचं यंत्र त्यांनी ठाण्यापासून लांब अडकवून ठेवलं, झालं त्यांचं काम.

गॅटलिंग की प्लाझ्मा, हा वाद यावरूनच सुटतो. ऑर्क किंवा टिरॅनिडांसारखी दाटीची सैन्यं तुमच्या गटात जास्त खेळली जात असतील तर गॅटलिंग लावा. ती भिडलेल्या गर्दीवरही चालते आणि एक वूंडवाल्यांवर बारा गोळ्या वाया जात नाहीत. समोर बहुतेक वेळा मरीनच असतील, आणि बहुतेक ठिकाणी असतातच, तर प्लाझ्मा. मूर्ती जोडताना हात चिकटवून टाकू नका. खांद्यात छोटी चुंबकं बसवली की डावापुरती तोफ बदलता येते.

टेबलावर रुंद गल्ल्या, सोबत आणखी एखाद-दोन वाहनं आणि मागे पायदळ, एवढं जमत असेल तर मी रिडेम्प्टर डोळे झाकून घेतो. अरुंद इमारतींच्या टेबलावर, किंवा समोरच्याने स्ट्रेंग्थ १२ ची शस्त्रं ढिगाने आणलेली माहीत असेल, तर तेच २०० पॉइंट मी दोन पायदळ तुकड्यांवर घालतो आणि रंगवलेला ड्रेडनॉट कपाटातच ठेवतो.